राहण्याजोगे गाव

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणे झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच भाच्याने एक यादी वाचायला घेतली. जगातील राहण्यास उत्तम शहरांची यादी! त्याला परदेशी नोकरीचे विचारणे झाले होते आणि कोठे बिऱ्हाड करावे याचा खल गेले पंधरा दिवस घरात चालला होता. २०२५ साली कोपनहेगन पहिले आले. त्याआधी २०२२ पासून सलग तीन वर्षे व्हिएन्ना. त्याच्याही मागे जावे तर २०११ पासून सात वर्षे मेलबर्न. बहिणीला यातल्या एकाही गावाचे सोयरसुतक नव्हते. तिने विचारले, "आणि आपले पुणे?"

"आपल्या सरकारने २०१८ साली एकशे अकरा शहरांची यादी केली होती, त्यात पुणे पहिलेच होते," भाचा म्हणाला. "नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी, ठाणे सहावे." एवढे सांगून तो माझ्याकडे पाहून हसला. भिवंडीचे नाव त्याने काढले नाही. मामाचा मान राखला म्हणायचा!

परतीच्या वाटेवर ती यादी काही डोक्यातून जाईना. माझा जन्म भिवंडीचा, ब्राह्मण आळीतला. सत्तरी ओलांडली तरी गाव सुटलेले नाही. तेव्हा हा लेख थोडा पक्षपाताने लिहिला आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पण आधी त्या यादीविषयी. लंडनची एक संस्था ती दरवर्षी काढते. १७३ शहरे घेते आणि पाच गोष्टींना गुण देते: स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण, आणि रस्ते-पाणी-घरे वगैरे सोयी. स्थैर्याला शंभरांतले पंचवीस गुण. राहण्याचा खर्च मात्र तीत मोजलेला नसतो. याचे मला प्रथम नवल वाटले. मग कारण कळले. अशा याद्यांचा एक मोठा उपयोग कंपन्यांना होतो. आपला माणूस परक्या गावी पाठवायचा तर गैरसोयीबद्दल त्याला किती जादा भत्ता द्यावा, हे ठरवायला त्या कामी येतात. म्हणजे ज्याचे भाडे दुसरा कोणी भरणार आहे, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली ही शहरे! तळाला गेली काही वर्षे दमास्कस आहे. जेथे माणसे हजारो वर्षे अखंड राहत आली त्या जुन्या शहरांपैकी एक. युद्धाने त्याची दैना केली हे खरेच. पण यादी एका वर्षाचे सांगते आणि गाव शतकांनी मोजायचे असते, हा फरक राहतोच.

भिवंडीकडे भत्ता घेऊन कोणी आला नाही. येथे आला तो बहुतेक पोटासाठी किंवा जिवासाठी.

गाव जुने आहे. कामवारी नदीच्या काठी, खाडीने समुद्राशी जोडलेले, म्हणून व्यापाराचे. निजामपूर हे नाव निजामशाहीची आठवण देते. मोगलांनी गावाला इस्लामाबाद म्हटले. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडी घेतली आणि खाडीच्या या टापूत मराठ्यांची जहाजे बांधली जाऊ लागली. कोकणी मुसलमान, ब्राह्मण, कोळी, आगरी, वाणी अशी येथली जुनी वस्ती. तांदूळ, गवत, लाकूड, सुकी मासळी हा व्यापार. एकंदरीत कोकणातले सुखी, थोडे सुस्त गाव.

त्याची सुस्ती घालवली आग्रा रोडने. मुंबईहून आग्र्याला जाणारा हा रस्ता आमच्या गावातून जातो, आणि माझ्या मते भिवंडीचा खरा इतिहास या रस्त्याचाच आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर आझमगड, मऊ, बनारस या बाजूचे मोमीन विणकर गावे सोडून दक्षिणेकडे निघाले. त्यांचे हातमाग विलायती कापडाने आधीच बसवले होते. बंडानंतरच्या धरपकडीने आणि दुष्काळांनी उरलेसुरले संपवले. बायकामुले घेऊन हे लोक याच रस्त्याने उतरत आले. काही बऱ्हाणपूरला थांबले, काही धुळ्याला, पुष्कळसे मालेगावला आणि काही शेवटी भिवंडीला. कोणी यादी पाहिली नव्हती. जेथे कापडाला गिऱ्हाईक आणि मागाला खड्डा खणण्यापुरती जमीन मिळाली, तेथे राहिले. मौज अशी की उत्तरेकडून आलेल्या या विणकरांनी विणली ती मराठी बायकांची नऊवारी लुगडी! घरात उर्दू आणि पूरबी बोली, मागावर मात्र आमच्या आज्यांच्या आवडीचे काठ.

पुढे गावात वीज आली आणि १९३० च्या सुमारास पहिले यंत्रमाग चालू झाले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथे येत, लोहार-सुतार त्यांना पुन्हा उभे करीत आणि घराच्या पडवीत ते खडखडू लागत. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचे पद्मानगर झाले. त्यांच्या आळीत आजही तेलुगू पाट्या दिसतात. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या, आणि कापडाचे काम यंत्रमागांकडे वळले. गिरणगावाचे नुकसान ते भिवंडीचे भाग्य ठरले, हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते. आमच्या नात्यातली दोन घरे परळची होती. देशातल्या यंत्रमागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भिवंडीत, असे पुढे सांगितले जाऊ लागले.

बाहेरचा पाहुणा भिवंडीत पहिल्या रात्री झोपत नाही. मागांचा आवाज! भिंतीतून, जमिनीतून येतो. आम्हाला तो ऐकूच येत नाही. कारागीर बारा तासांची पाळी करतो, मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. एकाच खाटेवर दिवसपाळीचा रात्री आणि रातपाळीचा दिवसा झोपतो. जेवण भिस्सीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या खाणावळीत. गावाकडे मनिऑर्डर जाते ती यातूनच. आता वरच्या पाच गोष्टींतले कितीसे गुण या माणसाच्या शहराला द्यावेत? मी शिक्षक होतो, पेपर तपासण्यात जन्म गेला. तरी हा पेपर मला तपासता येत नाही.

स्थैर्याचा विषय मात्र टाळता येणार नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि गाव जळले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. माळ्यावरून धूर पाहिल्याचे आठवते. न्यायमूर्ती मादन आयोगाने वर्षानुवर्षे साक्षी घेऊन भला मोठा अहवाल लिहिला. त्यानंतर चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच, अधिक भयंकर. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेवर माणसे गेली. त्या उन्हाळ्यात आम्हीही डोंबिवलीला दोन खोल्या पाहून आलो होतो. गेलो नाही, याचे कारण काही थोर नव्हते. पागडीचे पैसे जमले नाहीत, एवढेच.

१९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त भिवंडीत आले. मागच्या दंगलींचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे सत्तर. दोन्ही समाजांची सारखी माणसे, पुढारी नकोत, भागाचा फौजदार अध्यक्ष. आमच्या आळीच्या समितीवर मलाही बसवले होते. पहिल्या बैठकीला मी मोठे भाषण तयार करून गेलो. ते तसेच खिशात राहिले! दीड तास चर्चा झाली ती एका नळाची. नळावर भांडे आधी कोणाचे, यावरून दोन घरांत डोकी फुटायची वेळ आली होती. पुढल्या बैठकीला बोकड, त्यापुढल्या बैठकीला भोंगा. मला वाटले, हा पोरखेळ आहे. पण महिन्यामागून महिना एकाच सतरंजीवर बसून नळाची भांडणे मिटवली की समोरच्याचे नाव कळते, त्याच्या मुलीचे लग्न कधी आहे हे कळते, आणि अफवा आली की आधी त्यालाच विचारायला जावेसे वाटते. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येनंतर मुंबई पेटली, जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा पेटली. वीस कोसांच्या आतले, दोनदा जळलेले भिवंडी शांत राहिले. त्या रात्री आम्ही समितीची माणसे नाक्यावर शेकोटी करून बसलो होतो. चहा एका यंत्रमागवाल्याच्या घरून येत होता. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्यांची कल्पना उचलली. सगळे कायमचे निवळले असे नाही. २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा होऊन दोन पोलिसांचा बळी गेला, तेही येथेच.

भाच्याच्या यादीतले व्हिएन्ना मला येथे आठवते. त्या शहराने १९२३ साली खास घरबांधणीचा कर बसवला आणि कामगारांसाठी नगरपालिकेची घरे बांधली. त्यांतला कार्ल मार्क्स होफ १९३० साली उघडला, म्हणजे आमचे पहिले यंत्रमाग सुरू झाले त्याच सुमारास: एक किलोमीटरहून लांब इमारत, १३८२ घरे, धुणीघर, बालवाडी, वाचनालय. आज व्हिएन्नातली जवळजवळ निम्मी माणसे अशा नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीच्या घरांत राहतात, आणि तिचा नंबर पहिला येत होता त्याचे बरेचसे श्रेय या घरांचे. पण याच इमारतीवर फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत तोफा डागल्या गेल्या होत्या. त्या वर्षी कोणी यादी केली असती तर व्हिएन्नाला स्थैर्याचे किती गुण मिळाले असते?

आमच्याकडे मात्र घरांचे काम कोणी केले नाही, आणि येथे माझा पक्षपात संपतो. माग वाढले, माणसे वाढली, २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर गेली. घरे ज्याने जशी बांधली तशी उभी राहिली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. तान्सा-वैतरणेचे पाणी मोठमोठ्या नळांतून आमच्याच तालुक्यातून मुंबईला जाते, आणि भिवंडीच्या कित्येक वस्त्यांत टँकरची वाट पाहतात. याला दंगल कारण नाही, परका कोणी कारण नाही. हे आमचे आम्ही केलेले आहे.

आता मागही कमी होत आहेत. कित्येक भंगारात गेले. माणकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूला भाताच्या शेतांत प्रचंड गोदामे उभी राहिली. वाचकहो, या दिवाळीत घरबसल्या मागवलेले एखादे खोके तुमच्या दारी आले असेल, तर त्यावरची चिठ्ठी जरूर पाहा. ते आमच्या गावाहून आलेले असण्याचा बराच संभव आहे. त्या गोदामांत खोकी उचलणारी मुले पुन्हा आग्रा रोडनेच आलेली.

२०२० च्या टाळेबंदीत ती याच रस्त्याने चालत परत निघाली होती, डोक्यावर गाठोडे, खांद्यावर पोर. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला गाडी सुटली. महाराष्ट्रातून मजुरांना घेऊन गेलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ती एक. आमच्या मागच्या गल्लीतला एक कारागीर जाताना भिस्सीच्या मालकाकडे आपली पेटी ठेवून गेला. मी म्हटले, आता हा कसला येतो! नवरात्राच्या आत आला. "उधर खेत तो है, मास्टरजी," म्हणाला, "पर खेत में भाई लोग पाँच हैं."

भाच्याला मी पत्रात हे सगळे लिहिले नाही. कोपनहेगनला थंडी फार, लोकरीचे दोन जोड जास्त घे, इतकेच लिहिले. यंदा भाऊबिजेला बहीण इकडे येणार आहे, तोही येतो म्हणतो. दिवाळीत आमच्या भागातले माग दोन-चार दिवस थांबतात. पाहुण्यांना वाटते, काय छान शांत आहे हो! आम्हाला त्या शांततेची सवय नाही. माग एकदम बंद पडले ते १९७० साली, १९८४ साली आणि २०२० साली. सण उरकला की एखाद्या पहाटे पलीकडच्या गल्लीत पहिला माग सुरू होतो, मग दुसरा, मग मोजता येत नाहीत. घरातली माणसे त्या वेळी कूस बदलून पुन्हा झोपतात.