पाच वर्षं आणि ९४ मिनिटं

कोलाडच्या नाक्यावरून जाताना जेसीबी दिसला की माझी नजर त्याच्या बकेटच्या दातांवर जाते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात या पट्ट्यातली जमीन पुन्हा पुन्हा उकरली गेली. पनवेल-दाभोळ वायुवाहिनी याच रायगड जिल्ह्यातून जाते. शिवाय पाण्याच्या वाहिन्या आणि केबली आहेतच. असाच एक दात अमेरिकेतल्या बेलिंगहॅम शहरात काय करून गेला, ते मला विसरता येत नाही.

१९९४ : जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात खोदयंत्र पेट्रोलच्या १६ इंची पोलादी वाहिनीला लागलं. ओरखडे उठले, पण गळती झाली नाही. खड्डा बुजला. पुढे पाइपच्या आतून फिरवलेल्या उपकरणाने त्या भागात दोष दाखवला, तरी तिथे उकरून पाहिलं गेलं नाही.

१० जून १९९९, दुपारी ३.२८ : पुढची झडप बंद झाली, दाब उसळला आणि वाहिनी जखमेच्या जागी फाटली. नियंत्रण कक्षातले संगणक त्याच वेळी अडखळत होते. गळतीचा पत्ता कुणालाच नव्हता.

सव्वाचार : थांबलेले पंप पुन्हा सुरू केले. पेट्रोल शहरातल्या एका बागेतल्या ओढ्यात उतरत राहिलं.

साडेचार : वासाच्या तक्रारी आल्या, पंप थांबले. एकूण सुमारे नऊ लाख लिटर पेट्रोल सांडलं होतं. ओढ्यावर एक १८ वर्षांचा मुलगा मासे धरत होता. वाफेने त्याची शुद्ध हरपली आणि तो बुडाला.

५.०२ : भडका. ओढ्याकाठची सुमारे अडीच किलोमीटर झाडी जळाली. तिथे खेळणारी दहा-दहा वर्षांची दोन मुलं भाजून गेली. इथल्या कुंडलिका नदीच्या काठी गळ टाकून बसलेली पोरं मी पाहतो, तेव्हा हीच तिघं आठवतात.

आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला रस्त्याच्या खोदकामात गॅसवाहिनी फुटली आणि मध्यरात्रीनंतर रस्त्यावर आग लागली. माणसं भाजली. त्याआधी दोन वर्षं, २२ मार्च २०२३ ला, 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप सुरू झालं होतं. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि वाहिनीवाल्याने येऊन आपली लाइन दाखवायची, अशी ती सोय.

ही लाइन शोधणारा लोकेटर पोलादी पाइपवर सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र वरून पकडतो. प्लॅस्टिकच्या पाइपला ते लागू पडत नाही, तिथे जमिनीत पाहणारं रडार लागतं. पण ओल्या चिकणमातीत रडारची नजर उथळ होते, आणि कोकणात चार महिने जमीन ओलीच असते. म्हणून यंत्राने दाखवलेल्या जागी आधी हाताने, जपून चाचणी खड्डा घ्यायलाच हवा. त्यावर खर्च होणारा अर्धा दिवस वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

कोलाडच्या ऑपरेटरदादांना एवढंच सांगणं आहे : बकेटला काही घासलं, तर माती लोटू नका. वाहिनीच्या खांबावर लिहिलेल्या नंबरला लगेच फोन करा.