'साभार परत' न केलेला निबंध

रामानुजन यांची कहाणी आपल्याकडे बहुधा १९१३ साली हार्डी यांना गेलेल्या पत्रापासून सांगितली जाते. मला त्याच्या दोन वर्षे आधीचा टप्पा अधिक मोलाचा वाटतो. १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये बर्नुली संख्यांवरचा त्यांचा पहिला निबंध छापला गेला. लेखकाने नुकतीच तेविशी गाठलेली. पदवी नाही, नोकरी नाही.

ही सोसायटीही तेव्हा कोवळीच होती. व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी ती १९०७ साली स्थापन केली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तिथून परदेशी नियतकालिके सभासदांना टपालाने जात. बाहेरच्या जगातले गणित वाचायची सोय अशी झाली. स्वतःचे गणित लिहायला शिकायची सोय मात्र जर्नलमुळे झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले एम. टी. नारायण अय्यंगार त्याचे संपादक होते.

रामानुजन यांची मांडणी इतकी त्रोटक आणि पद्धत इतकी नवखी होती की, सामान्य वाचकाला ती झेपत नसे, असे त्यांना जवळून ओळखणाऱ्या शेषू अय्यर यांनी नोंदवून ठेवले आहे. अशा हस्तलिखितावर 'साभार परत' लिहिणे सोपे होते. अय्यंगारांनी ते परत पाठवले, पण सुधारून घेण्यासाठी, आणि तेही पुन्हा पुन्हा. सिद्धतेची शिस्त रामानुजन यांना हार्डींनी लावली, हे खरेच. पण वाचकाला पायरी दिसली पाहिजे, हा पहिला धडा बंगळूरच्या या संपादकाने दिला, असे मला वाटते.

संपादनाच्या मर्यादाही याच निबंधात दिसतात. बर्नुली संख्येला तिच्या क्रमांकाने भागून अतिसंक्षिप्त रूप दिले की अंश मूळसंख्या असतो, असे त्यात म्हटले आहे. ते चूक आहे. विसाव्या संख्येसाठी, चिन्ह सोडल्यास, हा अंश १७४६११ येतो, आणि तो २८३ व ६१७ यांचा गुणाकार आहे. संपादकाच्या नजरेतून हे विधान निसटले. तरीही ते स्पष्ट शब्दांत छापले गेले, म्हणूनच पुढच्यांना पडताळता आले. दुर्बोध लिखाणातली चूक सापडतही नाही.

आज नवोदित संशोधकाला नकाराचे दोन ओळींचे ठरावीक पत्र येते आणि काय सुधारावे हे त्याला कळतच नाही. संपादकांकडे वेळ नसतो, हे मान्य. अय्यंगारांकडे तरी कुठला होता? ते कॉलेजात शिकवत आणि उरलेल्या वेळात जर्नल पाहत. त्या निबंधावर लेखक म्हणून रामानुजन यांचेच नाव आहे, आणि तेच योग्य. मात्र तो वाचता येतो याचे थोडे श्रेय तो परत पाठवणाऱ्या हातालाही द्यायला हवे.