जांभळा रंग उडाल्यानंतर

औषधी वनस्पतींच्या चाचण्यांकडे वळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे मी मनापासून स्वागत करतो. या क्षेत्राचे दार साध्या प्रयोगशाळेतही उघडते. डीपीपीएच या रसायनाचे गडद जांभळे द्रावण घ्यावे, त्यात हिरड्याचा अर्क घालावा. रंग फिका होत पिवळसर होतो. द्रावणातल्या एकट्या इलेक्ट्रॉनला अर्कातल्या टॅनिनांनी जोडी मिळवून दिलेली असते. ५१७ नॅनोमीटरवर शोषण किती घटले, ते मोजले की अर्काच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा अंदाज येतो. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत तालुक्याच्या महाविद्यालयातही जमते, याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र परीक्षानळीत आतडे नसते, यकृत नसते. हिरड्यातली मोठी टॅनिने रक्तात जशीच्या तशी फारशी पोचत नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांचे युरोलिथिनांत रूपांतर करतात. म्हणजे नळीत जे मोजले, ते शरीराला मिळेलच असे नाही. आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे निर्धोक, ही समजूत तर सोडूनच द्यावी. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

सुरक्षिततेचा प्रश्न म्हणूनच वेगळा विचारावा लागतो. शोधनिबंधांत ‘दर किलो वजनाला २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क सुरक्षित’ असे वाक्य वारंवार भेटते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या चाचणी-पद्धतीत ती मात्रा प्राण्यांना एकदाच तोंडावाटे देतात आणि १४ दिवस निरीक्षण करतात. महिनोन्महिने रोज काढा घेणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी २८ आणि ९० दिवसांच्या चाचण्या आहेत. त्या खर्चिक आहेत, पण त्यांना पर्याय म्हणून एका मात्रेचा निकाल पुढे करणे मला गैर वाटते.

गुळवेलीचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा झाला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल तिच्याशी गल्लत करून वापरू नये, असा इशारा दिला. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण वेल वाळवून तिची पूड केली की त्या कुठल्या दिसणार? त्या रुग्णांच्या बाबतीत वेल कोणती होती, प्रत्येकाची प्रकृती मुळात कशी होती, यावर वैद्य आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, आणि पूड पाहून तो मिटणे शक्य नव्हते.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण रसायनांचे नसून वनस्पती ओळखण्याचे आहे. फुलाफळांसह नमुना कसा गोळा करावा, दाबून वाळवावा, जाणकाराकडून नाव पक्के करून घ्यावे आणि तो नमुना क्रमांकासह वनस्पतिसंग्रहालयात कसा ठेवावा, हे तिथे सविस्तर दिले आहे. डीपीपीएचची कृती चौथ्या प्रकरणात येईल.