अहमदाबादची वजाबाकी

आजची गोष्ट अहमदाबादची. मे २०१०, पारा ४६.८ अंशांवर.

उन्हाने किती माणसं गेली? हे सांगणं अवघड, कारण मृत्यूच्या दाखल्यावर बऱ्याचदा हृदयविकार लिहिलेला असतो, ऊन नाही. म्हणून संशोधकांनी कारणं बाजूला ठेवली आणि सरळ सगळे मृत्यू मोजले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८. मे २०१० मध्ये ४,४६२. म्हणजे १,३४४ जास्त. मी रोज आकड्यांतच काम करतो, पण ही वजाबाकी वाचून थांबलोच.

त्याच उन्हाळ्यात तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांनाही ऊन बाधत होतं. प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली. तो तळमजल्यावर आणल्यावर उन्हामुळे बाळांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. नवं मशीन नाही, फक्त मजला बदलला!

२०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. ४५ अंशांचा अंदाज आला की रेड अलर्ट. मग कुणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं. दवाखान्यांना सूचना, लोकांना निरोप, पिण्याच्या पाण्याची सोय. पुढे आपल्या नागपूरनेही असा आराखडा केला.

पण सुरुवात झाली ती मोजण्यापासून. तुमच्या शहरात मे महिन्यातले मृत्यू असे कुणी मोजतं का? एकदा विचारून बघा.