तुटलेल्या फोनचा अर्थ

संगणकात पडद्यामागे अखंड चालणाऱ्या सेवा-कार्यक्रमांना ‘डीमन’ म्हणतात. १९६३ साली एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये, आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींनी हा शब्द योजला. भौतिकीतील मॅक्सवेलच्या कल्पित ‘डेमन’वरून तो सुचला, असे फर्नांदो कॉर्बातो यांनी पुढे सांगितले. ‘भूत’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण ग्रीकांचा मूळ ‘दायमॉन’ दुष्ट नव्हे. आपल्या कोकणातला ‘राखणदार’ त्याला अधिक जवळचा: दिसत नाही, पण असतो.

या राखणदाराशी बोलायचे कसे? त्याच्यासमोर ना पडदा, ना कळफलक. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीत त्यासाठी ‘सिग्नल’ उपयोगी पडले. सिग्नल म्हणजे केवळ एक क्रमांक. त्याला मजकूर नसतो. शिवाय एकच सिग्नल वाट पाहत असताना तोच पुन्हा आला, तर दोन्हींचा मिळून एकच होतो. इतक्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात अर्थविस्तार अटळच होता.

पहिल्या क्रमांकाचे नाव ‘हँगअप’, म्हणजे फोन ठेवणे. त्या काळी वापरकर्ते टेलिफोनच्या तारेवरून यंत्राशी जोडले जात. तार तुटली की त्यावर अवलंबून असलेल्या कार्यक्रमांना हा सिग्नल मिळे, आणि वेगळी तजवीज नसल्यास ते संपत. डीमनने मात्र आपल्या टर्मिनलशी नाते जाणूनबुजून तोडलेले असते. ज्याच्याकडे फोनच नाही, त्याचा फोन कोण ठेवणार? ही रिकामी जागा डीमन लिहिणाऱ्यांनी हेरली आणि संकेत रूढ झाला: हँगअप आला, तर आपली मांडणीची फाईल पुन्हा वाचायची.

मम्मटाने लक्षणेसाठी सांगितलेल्या अटी इथे आठवतात. मुख्यार्थाचा बाध आहे, रूढीही आहे. मुख्यार्थाशी असावा लागणारा संबंध मात्र क्षीण आहे. फार तर ‘जुने संपले, नव्याने सुरुवात’ एवढाच. माझ्या मते ही जवळजवळ शुद्ध रूढी होय.

सिग्नल ऐकण्याचेही शास्त्र आहे. तो कोणत्याही क्षणी येतो. कार्यक्रम स्मृतीच्या जमाखर्चात अर्ध्यावर असताना सिग्नल हाताळणाऱ्या भागाने त्याच वहीत हात घातला, तर वहीच बिघडते. म्हणून शहाणा डीमन तिथल्या तिथे फक्त एक खूण करून ठेवतो आणि हातातले काम आटोपल्यावर ती पाहतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तर आणखी एक खोच होती. सिग्नल एकदा हाताळला की ती व्यवस्था गळून पडे. ती पुन्हा लावण्याआधी दुसरा आला, तर कार्यक्रम मरे. १९८३ च्या ४.२ बीएसडीने हा दोष दूर केला आणि १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणकाने सुधारित रीत मान्य केली.

‘टर्म’ (क्रमांक १५) ही आवरून घेण्याची विनंती. ‘किल’ (क्रमांक ९) डीमनला ऐकूच येत नाही, थेट अंतच होतो. २०१० साली आलेले सिस्टमडी आधी ‘टर्म’ पाठवते, एरवी ९० सेकंद थांबते आणि मगच ‘किल’ वापरते. अर्धवट लिहिलेली नोंद पुरी व्हायची ती याच अवधीत.

मुख्यार्थ मात्र कायमचा हटत नाही. खिडकीचा आकार बदलल्याचे कळवणारा ‘विंच’ नावाचा सिग्नल आहे. डीमनला खिडकी नसते, म्हणून अपाचे या वेब सर्व्हरने त्याला ‘चालू विनंत्या पुऱ्या करून थांब’ असा अर्थ दिला. पुढे कुणी अपाचे पडद्यामागे न ठेवता उघड्या टर्मिनलमध्ये चालवला, सहज खिडकी लहानमोठी केली, आणि सर्व्हर अत्यंत सभ्यपणे बंद झाला.