मॅझिनीची शपथ आणि आमचं खेड

माझी नात इटालियन शिकते. सध्या ‘मी काय करणार’ हे सांगण्याचा धडा चालू आहे. मी तिला म्हटलं, या भाषेतला मोठा इरादा ऐक. 1831 साली इटालियन क्रांतिकारक मॅझिनीनं मार्सेयला ‘तरुण इटली’ ही संघटना काढली. सभासद होताना शपथ घ्यावी लागे: देश एक, स्वतंत्र, प्रजासत्ताक करीन! सावरकरांच्या ‘अभिनव भारत’नं 1904 साली हाच कित्ता गिरवला. लंडनमध्ये त्यांनी मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं. 1907 साली ते छापलं गेलं आणि सरकारनं त्यावर बंदी घातली.

पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्टला, आमच्या भीमाकाठच्या खेडात असाच इरादा धरणारे क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू जन्मले. 23 मार्च 1931ला ते लाहोरला फासावर गेले. चाकणला कामाला जाणाऱ्या पोरांनो, एकदा त्यांचा वाडा बघून या.