थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल : एक विसरलेलं नातं

गेल्या हिवाळ्यात आईने व्हॉट्सअ‍ॅपवर रक्ताचा रिपोर्ट पाठवला. एलडीएल कोलेस्टेरॉल १७८. खाली तिची ओळ : "तूप बंद केलं, तरी हे असं." तिकडच्या डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलं होतं. आई बारा वर्षं थायरॉइडची गोळी घेते. ती सकाळच्या चहाबरोबर, आणि पाठोपाठ कॅल्शियमची गोळी, हे मला त्या दिवशी फोनवर कळलं. टीएसएच शेवटचं कधी तपासलं, हे तिला आठवेना.

या दोन तपासण्यांचं नातं जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे. मग ते विसरलं कसं गेलं?

सुरुवात लंडनमध्ये झाली. १८७३ साली विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं : सुजलेला चेहरा, जड जीभ, मंद होत गेलेलं बोलणं आणि मन. पुढे विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. बर्नमध्ये थिओडोर कोखर गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड काढून टाकत असत. त्यांच्या रुग्णांची नंतर अशीच अवस्था झाली, हे त्यांनी १८८३ मध्ये जाहीर केलं. दोष या ग्रंथीच्या अभावाचा आहे, हे हळूहळू स्पष्ट झालं.

१८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरे यांनी मांडला. औषध मिळालं होतं, पण किती द्यायचं हे मोजायला काहीच नव्हतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपाशीपोटी आडवं झोपवून रुग्णाचा श्वास यंत्रात घेत आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते पाहत. रुग्ण घाबरला, हलला की आकडा बिघडे. १९३० मध्ये मेसन, हंट आणि हर्क्सथल यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवलं की थायरॉइड मंदावलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल चढतं आणि ते अति चालू लागलं की उतरतं. मग काही दशकं कोलेस्टेरॉल हीच थायरॉइडची एक तपासणी झाली. औषध पुरेसं पडतंय का, हेही त्यावरून पाहिलं जाई.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९६० च्या दशकात रक्तातलं टीएसएच थेट मोजता येऊ लागलं आणि थायरॉइडसाठी कोलेस्टेरॉलची गरज संपली. त्याच काळात फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासाने कोलेस्टेरॉलला हृदयविकाराशी जोडलं आणि ते हृदयरोगतज्ज्ञांच्या ताब्यात गेलं. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. आकडा वाढला की गोळी, हा रस्ता सरळ झाला. तो का वाढला, हा प्रश्न मागे पडला.

खरं तर याच सुमारास त्याचं उत्तरही हाती येत होतं. रक्तातलं एलडीएल यकृताच्या पेशी ज्या रिसेप्टरने उचलतात, तो ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधला. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. हे रिसेप्टर पुरेसे तयार व्हायला थायरॉइडचं हार्मोन लागतं. ते कमी पडलं की शरीरात कोलेस्टेरॉलची निर्मितीही घटते, पण उचल त्याहून जास्त घटते. म्हणून ते रक्तात साचतं. तूप सोडून हे सुटत नाही.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नये. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी थायरॉइडसारखंच औषध द्यावं, असा प्रयोग अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर झाला. डेक्स्ट्रोथायरॉक्सिन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले आणि औषधाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. कमी डोस जसा घातक, तसा जास्तही.

आता स्टॅटिन सुरू करण्याआधी टीएसएच पाहावं, असा सल्ला दिला जातो. त्याला आणखी एक कारण आहे : थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. पण भारतातला डॉक्टर, इथला डॉक्टर, अधूनमधून बदलणारा विमा, यांत आपल्यापैकी कित्येकांची कागदपत्रं एका फाइलमध्ये कधी येतच नाहीत.

आईचं टीएसएच १४ निघालं. आता ती गोळी उठल्याबरोबर पाण्याबरोबर घेते, चहा तासाभराने आणि कॅल्शियम रात्री. डॉक्टरांनी डोसही थोडा वाढवला. चार महिन्यांनी एलडीएल बरंच उतरलं, पण पूर्ण नाही. स्टॅटिन लहान डोसमध्ये चालूच आहे. म्हणजे सगळा दोष थायरॉइडचा नव्हता. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले नसते, तर हे कळलंच नसतं.

पुढच्या वेळी घरून कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला, तर तुपाबद्दल नंतर बोला. आधी विचारा, "टीएसएच किती आहे? आणि गोळी कशाबरोबर घेतेस?"